सासऱ्यासमोर विझते, बाळासमोर पेटते

बिडी ओढणाऱ्या माणसाइतका रीतभात पाळणारा माणूस आपल्या वस्तीत दुसरा सापडायचा नाही. बघा हवं तर. वडील बोळाच्या तोंडाशी दिसले की हातातली बिडी मुठीत जाते. सासरे आले की पाठीमागे. विहाराच्या पायरीशी भन्तेजी दिसले की थेट चपलेखाली. माणूस चाळिशी उलटलेला, दोन पोरांचा बाप, कामावर मुकादमाशी तोंडावर भांडणारा. पण थोरल्या भावासमोर काडी ओढायची त्याची छाती होत नाही. मूठ पोळते तरी चेहरा हलत नाही. "बरं आहे ना दादा?" असं विचारताना शब्दांबरोबर नाकातून धूरही बाहेर येतो, आणि थोरला भाऊ तो न दिसल्यासारखं करतो. त्यालाही घाई असते, कारण त्याच्याही खिशात बंडल असतं आणि पुढच्या वळणावर त्याला त्यांचे चुलते भेटायचे असतात.

हा रिवाज कुठे लिहून ठेवलेला नाही. सरकारने दंड लावला त्याच्या कितीतरी आधीपासून तो चालत आला आहे. आणि खरं सांगायचं तर आम्हाला तो आवडतो. ज्या माणसाला तलफ आली की "एक मिनिट पण थांबता येत नाही", तोच माणूस सासुरवाडीला गेला की सकाळपासून संध्याकाळपर्यंत चहावर चहा पिऊन बसतो आणि जावयासारखा जावई म्हणून परत येतो. म्हणजे थांबता येतं. कुणासमोर थांबायचं हे ठरलेलं असलं की झालं.

आमची तक्रार फक्त एवढीच आहे की ही यादी चुकली आहे. तोच जावई रात्री आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत येतो, आठ महिन्यांचं लेकरू मांडीवर घेतो, एका हाताने त्याला खेळवतो आणि दुसऱ्या हाताने बिडी शिलगावतो. तिथे कुणाची लाज नाही, कुणाचा धाक नाही. साठ-पासष्टीच्या सासऱ्यापासून धूर लपवायचा आणि आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडावर सोडायचा! सासऱ्याला ठसका लागला तर ते उठून ओट्यावर जाऊन बसतील. बाळ कुठे जाईल?

या पानासाठी आम्ही गेले काही महिने नाक्यावर, कट्ट्यावर, टपरीपाशी आणि संडासाच्या रांगेत उभं राहून बिडीची कारणं गोळा केली. आपली माणसं कारण सांगण्यात कुणाला हार जाणारी नाहीत.

पहिला मान रांगेतल्या कारणाचा. "बिडी नाही ओढली तर पोट साफ होत नाही." हे कारण वस्तीत इतकं पक्कं आहे की सकाळी सार्वजनिक संडासापुढे धुक्यासारखा पट्टा तयार होतो आणि डबे घेऊन त्यातूनच पोरं शाळेची घाई करत पुढे सरकतात. एका गृहस्थाने तर आम्हाला सांगितलं की बिडी हे त्याचं औषधच आहे, डॉक्टरकडे गेलो असतो तर जास्त पैसे गेले असते. आम्ही विचारलं, "लहानपणी, बिडी सुरू होण्याआधी काय करत होता?" बराच वेळ विचार करून तो म्हणाला, "तेव्हा रांग नव्हती, गावाला माळ होता." पोटाला सवय लावली की ते सवयीची वाट बघतं. कोमट पाण्याची सवय लावली तर कोमट पाण्याची वाट बघेल.

दुसरं कारण आज्याचं. "आमचा आजा नव्वद वर्षं जगला, शेवटच्या दिवसापर्यंत बिडी ओढत होता." जगले असतील. अशा आज्यांना आमचा जयभीम. पण पंचेचाळिशीत गेलेले लोक कट्ट्यावर येऊन वाद घालत नाहीत, म्हणून कट्ट्यावर नेहमी आजेच जिंकतात. गेलेल्यांच्या बायका वस्तीतच आहेत, धुणीभांडी करून पोरं वाढवतायत. कधी त्यांच्याकडे बसून हा विषय काढा.

"टेन्शन आहे हो" हे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण टेन्शन खरंच आहे. कामाचा भरवसा नाही, खोलीचा भरवसा नाही, नोटीस कधी येईल सांगता येत नाही. पण यात बिडी काय करते ते नीट बघा. झुरका घेतल्यापासून दहा-एक सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचतं. बरं वाटतं. तासाभरात त्याचा अंमल उतरू लागतो, जीव कासावीस होतो, चिडचिड होते, आणि पुढची बिडी ती चिडचिड घालवते. म्हणजे बिडीने जी घालवली ती बऱ्याच अंशी बिडीनेच आणलेली होती. खिशातून दहा रुपये काढून घेणारा सावकार संध्याकाळी त्यातलेच पाच आपल्या हातावर ठेवतो आणि आपण वस्तीभर सांगत सुटतो, "अडीनडीला उपयोगी पडणारा माणूस आहे बरं!" घरमालकाची नोटीस आहे तिथेच असते.

"सिगारेट वाईट, बिडी पानाची असते" असं म्हणणारेही खूप भेटले. एकाने तर बिडीला झाडपाल्याच्या रांगेत नेऊन बसवलं. यातली खरी गोष्ट अशी: बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, हे बरोबर. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, त्यामुळे बिडी सारखी विझू बघते. ती जिवंत ठेवायची तर जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. शेवटी निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू सिगारेटच्या बरोबरीने आणि कधी जास्तच छातीत जातो. ओढणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. बिडी ओढताना गाल किती आत जातात ते आरशात बघावं.

आणि एक कारण खास आपल्यातलं. एका धम्मपरिषदेत मंडपामागे एकाने आम्हाला गाठलं. म्हणाला, "पाचव्या शीलात दारू आहे, मादक पदार्थ आहेत. बिडी कुठे आहे, दाखवा." आता काय बोलणार! तथागतांच्या काळी या देशात तंबाखूच नव्हती. ती अमेरिकेतली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्याकडे आली, तोवर बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला दोन हजार वर्षं उलटून गेली होती. जी वस्तू नाही तिच्यावर नियम कुठून येणार? प्रवचन चालू असताना मोबाईलवर रील बघू नये असंही कुठे लिहिलेलं नाही. तो गृहस्थ दिलखुलास हसला आणि बिडी पेटवायला गर्दीपासून चांगला पन्नास पावलं लांब गेला. आम्ही त्यातच समाधान मानलं.

"सगळेच ओढतात" असं मात्र कुणी म्हणालं तर त्याला आकडा सांगा. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले. शंभरात चारसुद्धा नाहीत. (यावर फार खूश होऊ नका. तंबाखू खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे मिळून २४.४ टक्के होते. तो विषय वेगळ्या अंकाचा आहे, आणि त्यात आमच्या काही वाचक भगिनींना आमचा राग येणार आहे.) याच पाहणीतला दुसरा आकडा देशाचा आहे आणि तो आम्हाला जास्त बोचतो. देशात धूम्रपान करणारे प्रौढ १०.७ टक्के, पण आपल्याच घरात दुसऱ्याचा धूर सोसणारे ३८.७ टक्के. ओढतो एक आणि भोगतात तीन-चार. हे फक्त मोठ्या माणसांचे आकडे आहेत. पोरंबाळं यात मोजलेलीच नाहीत.

कायद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. १९९९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान नको असा निकाल दिला. मग मुंबईचे एकेकाळचे महापौर मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये देशभरासाठी तसाच आदेश काढला. २००३ मध्ये संसदेने कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे नियम कडक झाले. दवाखाना, शाळा, कचेरी, कोर्ट, हॉटेल, थिएटर, बस, कामाची जागा, इतकंच काय बस स्टॉपवरसुद्धा ओढली तर २०० रुपयांपर्यंत दंड.

याचा उपयोग झाला नाही असं म्हणणाऱ्यांनी पूर्वीच्या बसचा प्रवास आठवावा. "धूम्रपान करू नये" या पाटीच्या बरोबर खाली बसून माणसं धूर काढायची, आणि खिडकीजवळच्या बाईने पदर नाकाला लावला की तिलाच म्हणायची, "बाई, खिडकी उघडी आहे ना?" आज बसमध्ये कुणी पेटवली तर चार जण एकदम ओरडतात. हा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला आहे. बाकी गमती आहेतच. एका कचेरीत पाटीला पाठ लावून ओढणाऱ्या शिपायाला आम्ही पाटी दाखवली, तर तो म्हणाला, "ती आत येणाऱ्यांसाठी आहे. मी बाहेर चाललोय." सिनेमाला बसलं की आधी धुराची आणि कर्करोगाची जाहिरात लागते, ती आपल्या पोरांना इतकी पाठ आहे की पडद्याबरोबर मोठ्याने म्हणतात आणि मध्यंतराला त्यातलीच दोघं बाहेर टपरीवर उभी असतात. सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. टपरीवाल्याला हे सांगा. तो "हो का?" म्हणेल आणि बोलता बोलता सुटी काढून देईल. लायटर दोरीला बांधलेलाच असतो.

पण कायद्याचा हात आपल्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. घरात तो येत नाही. उघड्या बोळातही त्याचा फार जोर चालत नाही. आणि आपला सगळा संसार तर घरात आणि बोळातच आहे! पोरांचा अभ्यास ओट्यावर, बाळंतिणीची खाट दाराशी, म्हाताऱ्याची बाज बोळात. शेजारच्या खोलीत पेटलेल्या बिडीचा धूर पत्र्याच्या फटीतून आपल्याकडे येतो, तेव्हा २०० रुपयांची पावती फाडायला कुणी येणार नसतं. तिथे फक्त तो जुना रिवाजच उपयोगी पडू शकतो, मान ठेवण्याचा.

मानाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगितलं पाहिजे, नाहीतर जुन्या माणसांवर अन्याय होईल. बिडी ही आपल्या मागच्या पिढ्यांसाठी नुसतं व्यसन नव्हती. गावात आपल्या माणसाला पाणी वरून मिळायचं, भाकरी लांबून पडायची, आणि काडीपेटी मागितली तर तीही जमिनीवर टाकली जायची. मुंबईतही चित्र फार वेगळं नव्हतं. गिरण्यांच्या विणकाम खात्यात, जिथे पगार बरा होता तिथे, अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग तो विटाळतो! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला होता. अशा दिवसांत कुणी परक्या जातीचा कामगार आपल्या पेटत्या बिडीला बिडी लावू देत असेल, एका काडीवर दोघांचं भागत असेल, तर त्या झुरक्यात तंबाखूपेक्षा जास्त काहीतरी होतं. आमच्या माहितीतले एक वयोवृद्ध कार्यकर्ते म्हणतात, "आम्ही धूर नाही ओढला, शेजारी बसायची जागा ओढली." हे ऐकल्यावर त्यांना कर्करोगाचं चित्र दाखवायची आमची हिंमत झाली नाही. दाखवायची गरजही नव्हती. दम्यामुळे त्यांनी बारा वर्षांपूर्वीच सोडली आहे.

आणि बिडीवर आपल्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या आहेत. गोंदिया, भंडारा, कामठी, सिन्नर, सोलापूर. मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायकांनी हजाराच्या हिशेबाने बिड्या वळल्या, आणि त्याच घरांतून पुढे शिक्षक आणि नर्स निघाल्या. आज आपण येता-जाता एकमेकांना "जयभीम" म्हणतो, त्या अभिवादनाचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते कामठीचे बाबू हरदास एल. एन. हे बिडी कामगारांचेच पुढारी. त्यांनी या मजुरांची संघटना बांधली, १९३७ मध्ये नागपूर-कामठीतून ते विधिमंडळावर निवडून गेले आणि जानेवारी १९३९ मध्ये, अवघ्या पस्तिशीत, क्षयाने गेले. म्हणून बिडीवर लिहिताना आम्ही बिडी वळणाऱ्या आईला किंवा ओढणाऱ्या बापाला गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. वळणाऱ्यांच्या छातीत तंबाखूची भुकटी जाते, त्यांच्या पाठी धरतात, आणि मजुरी मात्र आजही हजारामागेच मोजतात. त्यांच्याबद्दल वेगळं लिहू.

आता लेकराकडे या. बिडी-सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली सत्तरएक कर्करोग करणारी आहेत. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भराभर श्वास घेतं. त्याची छाती अजून वाढत असते. म्हणून धुराच्या घरातल्या मुलांना न्यूमोनिया, दमा, सारखी सर्दी आणि कानाचं दुखणं जास्त होतं. कान फुटला की आपण थंडीला दोष देतो, आंघोळीच्या पाण्याला देतो, आईने कोणता पदार्थ खाल्ला त्याला देतो. बिडीकडे कुणी बघत नाही, कारण ती बाबांची असते. गरोदर बाई रोज धुरात असेल तर बाळ कमी वजनाचं जन्मू शकतं. खिडकी उघडली होती, पंखा लावला होता, दारात बसून ओढली होती, यातल्या कशानेही खोली स्वच्छ होत नाही. पंखा धूर बाहेर काढत नाही, तो सगळ्यांना सारखा वाटतो.

टीबीचंही इथेच सांगून टाकतो. धूम्रपान करणाऱ्याला टीबी होण्याचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. आपल्या वस्त्यांत, जिथे एका खोलीत सहा माणसं झोपतात, तिथे याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. महिनोन् महिने गोळ्या घेऊन बरा झालेला माणूस पुन्हा बिडीकडे वळला तर दुखणं उलटण्याचा धोका वाढतो. आशाताई गोळ्या मोजून देतात, बिड्या मोजायला त्यांना सांगितलेलं नाही. तो हिशेब घरच्यांनी ठेवायचा.

आणखी एक गोष्ट आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की ती दिसतच नाही. पोराच्या हातात नोट द्यायची आणि म्हणायचं, "जा रे, एक बंडल घेऊन ये, उरलेल्याचं चॉकलेट घे." अठराच्या आतल्या मुलाला तंबाखूचा कोणताही माल विकणं हा विकणाऱ्याचा गुन्हा आहे. शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तर विक्रीच करता येत नाही. टपरीवाला पकडला जाईल तेव्हा जाईल, पण पाठवलं कुणी? आणि चॉकलेटची लाच लावून पाठवलं, म्हणजे बिडीच्या रस्त्याला गोडी आपणच लावली. पूर्वी आई चुलीशी असताना बाबा म्हणायचे, "जरा पेटवून आण." पेटवून आणताना ती विझू नये म्हणून पोरगं एक झुरका घ्यायचं. वस्तीतल्या कितीतरी जणांची शिकवणी अशी घरातच, वडिलांच्या सांगण्यावरून, सात-आठ वर्षांच्या वयात झाली.

घरात सांगायचं कसं, हा बायकांचा प्रश्न. भांडण करून बिडी सुटल्याचं आम्ही तरी अजून पाहिलेलं नाही. भांडण झालं की माणूस रागाने बाहेर जातो आणि दोन ओढून येतो. पण बायकांनी काढलेल्या युक्त्या ऐकून आम्ही थक्क झालो. एका सुनेला सासऱ्यांना तोंडावर सांगणं शक्य नव्हतं. तिने दुसरंच केलं. सासऱ्यांनी बंडल चाचपायला सुरुवात केली की ती बाळ त्यांच्या हातात द्यायची. "मामा, जरा धरा, भाकऱ्या टाकते. दोन्ही हातांनी धरा हं, अजून मान धरत नाही." दोन्ही हात अडकले, मग काडी कोण ओढणार? असे तीन महिने गेले. बाळाची मान सावरली, पण तोवर सासऱ्यांना खोलीत ओढायचं विसरायला झालं होतं. तलफ आली की आता ते नाक्यापर्यंत चालत जातात. गुडघे दुखतात म्हणून दिवसाला तीनदाच जातात.

दुसरीने तर कमाल केली. नवरा तिच्या वडिलांसमोर बिडी विझवतो हे तिला माहीत होतं. तिने रांगत्या मुलाचं नावच "सासरे" ठेवलं. पोरगं उंबरा ओलांडून आत आलं की ती मोरीतून ओरडते, "अहो, सासरे आले!" नवरा पहिल्यांदा खरंच दचकला आणि त्याने बिडी पायाखाली घेतली. आता सगळा बोळ त्या पोराला सासरे म्हणतो. शेजारीपाजारीही त्याला बघून हात मागे घेतात, हसत हसत का होईना. दीड वर्षाच्या माणसाला एवढा मान आमच्या पाहण्यात दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

आपल्या सार्वजनिक कार्यक्रमांतही हे सहज होऊ शकेल. जयंतीच्या मंडपात, हळदीच्या रात्री, शोकसभेत चार माणसं टेकली की बंडल फिरतं. न घेणाऱ्याला "एक तरी घे" असा आग्रह होतो, जणू नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. आग्रह सरबताचा करावा. ओढणाऱ्यांसाठी मंडपापासून लांब एक जागा ठरवून द्यावी, जिथे लेझीम खेळणारी पोरं नसतील. विहारात आपण चपला बाहेर काढतोच, बंडलही चपलेतच ठेवायला हरकत नाही. तिथून ते कुणी चोरलं तर चोराचंच नुकसान.

ज्यांना पूर्ण सोडायची आहे त्यांच्यासाठी. पहिले दोन-तीन दिवस जड जातात. डोकं धरतं, झोप लागत नाही, घरातल्या माणसांवर खेकसायला होतं. घरच्यांनी तेवढे दिवस कान बंद ठेवावेत. तलफ येते ती लाटेसारखी, तीन ते पाच मिनिटं जोर करते आणि उतरते. तेवढा वेळ काढायचा. पाणी प्या, बडीशेप चघळा, बोळाच्या टोकापर्यंत चालून या, कुणाला तरी फोन लावा. चहा आणि बिडीची जोडी असेल तर काही दिवस चहाची जागा बदला, टपरीवर उभं राहून पिण्याऐवजी घरी बसून प्या. बिडी सोडून तंबाखू धरली तर ते सोडणं नव्हे, खोली बदलणं झालं, भाडं चालूच. एकदा सोडून पुन्हा लागली तर लाजू नका. बहुतेकांची दोन-चार प्रयत्नांनंतरच सुटते. शेवटची बिडी विझल्यावर वीस मिनिटांत नाडीची गती खाली येऊ लागते, आणि वर्षभर टिकलात तर हृदयविकाराचा जास्तीचा धोका निम्म्यावर येतो. रोज २० रुपये जात असतील तर वर्षाचे ७,३०० होतात. त्यात दोन पोरांचे गणवेश, दप्तरं, वह्या निघून थोडे उरतात.

संडासाच्या रांगेतल्या त्या गृहस्थाने सोडून दोन महिने झाले. पोट ठीक आहे म्हणतो, कोमट पाण्यावर चालतं. तक्रार वेगळीच आहे. "सगळे मित्र तिकडे कोपऱ्यात धूर काढत उभे. इकडे रांगेत माझ्याशी बोलायला कुणी नाही." हे दुखणं खरं आहे आणि त्यावर आमच्याकडे गोळी नाही. सध्या तो पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याच घोळक्यात उभा राहतो, वाऱ्याच्या उलट्या बाजूला.

एकट्याने जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा दंत महाविद्यालयात चौकशी करा, तंबाखू सोडवण्यासाठी तिथे सल्ला मिळतो. डॉक्टरांना विचारून निकोटीनचं च्युइंगगमही घेता येतं. सरकारचा एक फुकट फोन नंबरही आहे: १८००-११-२३५६. लिहून घ्यायला कागद सापडत नसेल तर बंडल काढा, त्यावरही छापलेला असतो. बंडल फेकण्याआधी तेवढा उतरवून घ्या.